टिटवी वरडंल तिथवर

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर टिटवी डोक्यावरनं अशी गेली की पदरच उडाला. मी तितंच थांबले. हातात लेकाचा सदरा, एक बाही अजून चिमट्यात. आताशा गुडघ्यांना दहादा इचारावं लागतं, चालायचं का बसायचं म्हून. पन त्या दिवशी ते मला न इचारता थांबले. टिटवी वरडली की पुढचं पाऊल टाकायचं न्हाई, हे माझ्या पायांना आत्याबाईंनी शिकवल्यालं. आत्याबाई म्हंजी माझी सासू. जाऊन तिला किती पावसाळे झाले. पाय इसरले न्हाईत.

मंग नजर गेली. गच्चीच्या कोपऱ्यात मागल्या दुरुस्तीची खडी पडून हाय. कुनी उचलली न्हाई, वाऱ्यापावसानं पसरून गेलीया. त्या खडीत चार अंडी. मातकट, वर काळं शिंतोडं, टोकं आतल्या अंगाला जुळल्याली. दुसऱ्या कुनाला तिथं खडीच दिसली असती. उनानं दगड तापले व्हते आन् त्यांचा वास सुटला व्हता, जिभंवर तांब्याचा पैसा ठेवल्यावानी. तो वास नाकात शिरला. लई वर्सांनी.

ही बिल्डिंग आमच्याच रानावर उभी हाय. वारज्याच्या अलीकडं पाट हाय, म्हंजी कालवा, त्याच्या वरच्या अंगाला. पाटाचं पानी आमच्या पायाखालनं जायचं, पन खालच्या रानाला. खालच्यांचा ऊस वाऱ्यावर सळसळायचा आन् आमी वर मुरमाडात बसून ऐकायचो. आमच्या वाट्याला आभाळाकडं बघनं. बाजरी, मटकी, हुलगं. आन् टिटव्या. टिटवीला मुरूमच लागतो, म्हून तिचं आमचं जमायचं.

तवा बातम्या पाटावर मिळायच्या. धुन्याला बाया जमल्या की कुनाची म्हस व्याली, कुनाच्या चुलीमागं घोरपड शिरली, टेकडीवर कोल्हं कुनीकडं तोंड करून वरडलं, बिबट्यानं कुनाचं कुत्रं उचललं, समदं तितंच कळायचं. रिठ्याचा वास, ओल्या दगडाचा वास. लुगड्याला पीळ मारता मारता बातमी बी पिळून निघायची. आन् उन्हाळा सरत आला की एकच इचारायचे समदे. टिटवीनं कुटं घातली? नदीच्या पात्रात घातली तर पाऊस कमी. काठावर घातली तर बरा. वर टेपाडावर घातली तर लई. गडीमानसं बी वाटंत थांबून बायांना इचारायची, एरवी कदी इचारायची न्हाईत.

आता बातम्या सुनंच्या फोनवर येतात. सुनंदा भाजी निवडता निवडता मला वाचून दाखवती. सोसायटीचा गुरूप हाय. लिफ्ट बंद. उद्या पानी येनार न्हाई. पार्किंगात मुंगूस दिसलं, लहान मुलं सांभाळा. मागच्या गेटापाशी साप. लगेच खाली दुसरा लिव्हतो, साप न्हाई, बागेचा पाइप हाय. आन् त्या दिवशी आलं, "गच्चीवर कोणता पक्षी ओरडतो? आजारी आहे का? कुणीतरी बघा."

"आई, आता तुमीच सांगा," सुनंदा म्हनली.

"आजारी न्हाई म्हनावं. बाळंतपनाला आलीया."

सुनंदा हसली, पन लिव्हलं तसंच. त्याच दुपारी वर्तकबाई वर आल्या. त्या चौथ्या मजल्यावर ऱ्हातात, गच्चीच्या बरोबर खाली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. शाळेच्या हापिसात नोकरी केल्याली, पेठेतनं हिकडं आल्याली. बोलनं कातरीवानी, पन मानूस खरं. मागल्या पावसाळ्यात त्यांच्या पलंगावर गळत व्हतं, बादली घिऊन झोपत व्हत्या. आता कुटं गच्चीच्या वाटरप्रूफिंगला मानसं मिळाली व्हती. रविवारनंतर येनार, आन् पाऊस यायच्या आत काम उरकायचं, न्हाईतर पुढल्या उन्हाळ्यावर गेलं.

"आजी, गच्ची सोसायटीची आहे," बाई म्हनल्या. "ही मेंबर आहे का?"

"मेंबर न्हाई. माहेरवाशीन हाय."

"वा. आणि माझ्या पलंगावर गळतं ते कुठल्या नात्यानं?"

मला हसू आलं. मंग म्या त्यांना पावसाचं सांगितलं, पात्र, काठ, टेपाड. बाईंनी नीट ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"म्हणजे चौथ्या मजल्याच्या वर घातली, तर यंदा पाणी चौथ्या मजल्यापर्यंत येणार. मग वॉटरप्रूफिंग कशाला? होडीच घेऊ या." पन जाताना जिन्यात थांबल्या. "किती दिवस लागतात पिल्लं निघायला?"

"निघतील. बसून झाले असतील तिला बरेच दिस. निघाली की त्याच दिशी चालाया लागतात."

"त्या वॉटरप्रूफिंगवाल्याला सांगून बघते. तो ऐकेल असं नाही हं. त्याला मीसुद्धा घाबरते."

तवापासनं माझं खाली लक्ष लागंना. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. सैपाकघरात बसले तरी कान वर. लिफ्टमधी मला गुदमारतं, म्हून कठडा धरून चढायची. बघायची, ती बसलीया का. उतरायची. परत चढायची. सांजंला तिचा आवाज आला की घास हातात ऱ्हायचा. सुनंदा म्हनायची, आई, जेवा की. माझा लेक बाळू कामावनं आला, त्यानं मला जिन्यात गाठलं.

"आई, पाखरापायी हाड मोडून घेशील. गच्चीचं काम होईपर्यंत ताईकडं जा, मांजरी गावाला. मंगळवारी सकाळी मीच सोडतो."

"बरं," म्या म्हनले.

माझं असं हाय, की मी बरंच म्हनते. लहानपनापासनं. आवाज चढवलेला मला आठवत न्हाई. पोरांवर न्हाई, मालकांवर तर न्हाईच.

खाली आले आन् भिंतीला टेकून बसले, पन नाकातनं त्या तापल्या खडीचा वास जाईना.

दुष्काळाच्या त्या साली आभाळानं पाठ फिरवली व्हती. काय झालं, कशानं झालं ते पुस्तकात लिव्हलं असंल. मला ठावं हाय ती खडी. रस्त्याचं काम निघालं व्हतं, दगड फोडायचा आन् बायांनी पाट्या व्हायच्या. दुपारच्याला खायाला सरकारी सुकडी मिळायची, तिचा वास गोड, धुरकट. हातोड्यांचा आवाज एका ठेक्यात नसतो, ज्याचा त्याचा येगळा पडतो, पत्र्यावर गारा पडल्यासारखा. मला सातवा व्हता. सकाळपासनं कंबरेत कळ येत व्हती. कुनाला म्हनले न्हाई. म्हनून काय व्हनार, पाटी दुसरीच्या डोक्यावर जायची, आन् ती तरी कुटं धडधाकट व्हती. दुपारी पाटी डोक्यावरनं खाली आली, आन् मी बी. पोरगी व्हती. रडली न्हाई. ती बी माझ्यासारखीच.

आत्याबाईंनी तिला आपल्या पदरात गुंडाळली. माझ्याकडं बघून खेकसल्या, "वरडायला काय झालं व्हतं तुला? तुझ्यापरीस टिटवी बरी."

अशा टायमाला असं बोलते, केवढी ही दगड बाई, वाटलं मला. तो राग म्या वर्सभर वागवला, भाकरी थापताना बी.

दुसऱ्या साली मिरगानं पाऊस टाकला. वापसा आला, समद्यांची औतं निघाली. मातीला वास सुटलेला, बैलांच्या घुंगरांचा आवाज ह्या बांधावरनं त्या बांधावर. आन् आमच्या रानात मधोमध टिटवी बसलेली.

बाकीचे लोक अशा टायमाला अंड्यांभवती थोडी जागा सोडायचे आन् बाकी पेरायचे. आत्याबाईंची रीत त्यांच्या माहेरची, येगळीच. आधी औत न्हाई न्यायचं. एकल्या बाईनं चालत जायचं, हळू. टिटवी उठून वरडंल तितं थांबायचं आन् पायाशी दगड ठिवायचा. मंग दुसऱ्या अंगानं जायचं. मंग तिसऱ्या, मंग चौथ्या. त्या दगडांच्या आत नांगर न्हाई, गुरू न्हाई, मानूस न्हाई. "तिला जितवर भ्या वाटतं तितवर तिचं घर," म्हनायच्या.

आन् त्या सालची टिटवी लई भेदरल्याली. आदल्या खेपंला कुत्र्यांनी अंडी खाल्ली असतील, कोन जाने. आत्याबाई बांधावरनं आत शिरल्या न शिरल्या तोच ती उठून वरडाया लागली. दुसऱ्या अंगानं गेल्या, तसंच. चारी दगड ठिवून झाले तवा आमी बघितलं, तर आमचं रान समदंच रिंगनात. भाईर उरली एक पट्टी, बैल वळायला बी पुरायची न्हाई.

"आई, असं कुटं असतंय का?" मालक म्हनले. "वर्साची भाकरी हाय ती. दोन हात सोडू की तिच्याभवती."

"दगड हलवायचा न्हाई."

"आन् खायाचं काय?"

"तुला काय खायाचं पडलंय? जिला पोटाशी पोरं हायती ती बघ कशी बसलीया, उनात, वाऱ्यात."

मालक बांधावर पाय आपटून गेले. मी गपच व्हते, पन आतनं पेटले. मला परत दिवस गेले व्हते, आन् हे कुनालाच म्हनले न्हवते. पाखराला रिंगान, आन् मला? पेरनी न्हाई म्हंजी परत खडीच. काम अजून चालू व्हतं. दुसऱ्या दिशी तांबडं फुटता पाटी घेतली, पदर खोचला आन् निघाले.

आत्याबाई अंगनात सडा टाकत व्हत्या, हात शेनानं भरलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मंग हातातलं टाकलं आन् माझ्याकडं चालत आल्या. हळू. तशाच, रानात चालल्या व्हत्या तशा, एक पाऊल, मंग एक पाऊल. जवळ आल्या. अजून जवळ आल्या. माझ्या पाटीला हात घातला. मी गप.

"वरड की," म्हनल्या. खेकसून न्हाई. "वरड. तुझा दगड मी कुटं ठिवू? तू वरडतच न्हाईस, मंग लोकांना कसं कळावं, कुठवर यायचं?"

म्या तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. डोळ्यांतनं आलं पानी, आवाज न्हाई.

मंग त्यांनीच एक दगड उचलून आनला, चांगला दोन हातांनी, आन् उंबऱ्याच्या भाईर ठिवला. "ह्याच्या पल्याड न्हाई जायाचं." माझ्या डोक्यावरची पाटी आपल्या डोक्यावर घेतली आन् गेल्या. त्या वयात. माझे दिस भरंपर्यंत त्याच गेल्या खडीवर. सांजंला यायच्या तवा पापन्यांवर दगडाची पिठी, केसांवर पिठी, जात्याखालनं उठून आल्यासारख्या. मी हातावर पानी घालायची, ते खाली लाल पडायचं.

पिल्लं निघाली. चार काड्यांवर चार कापसाची बोंडं, आईच्या मागनं लुटुलुटु रान ओलांडून गेली. मागनं पाऊस असा लागला की रानात पाय घालता येईना, बाजरी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. उशिरानं हुलगं टाकलं. ते वर्स आमी हुलग्याच्या माडग्यावर काढलं, सकाळी माडगं, सांजंला माडगं. चुलीवर रटरटतंय, वर फेस येतोय. अजून त्याचा वास आला की भूक बी लागती आन् भूक मरती बी. त्यातच बाळू झाला. जलमला तो घर डोक्यावर घेत. आत्याबाई हसल्या, पयल्यांदा. म्हनल्या, "हे बेनं माझ्यावर गेलंय."

तो दगड उंबऱ्याभाईर तसाच ऱ्हायला. बाळू त्यावर बसून भाकरी खायचा. आत्याबाई म्हाताऱ्या झाल्यावर त्यावर बसून उन खायच्या, आन् बाळूला मांडीवर घिऊन टिटवीचं सांगायच्या. आत्याबाई गेल्या, मालक गेले. मंग रान इकायचं ठरत व्हतं तवा गडी बसले व्हते, मधी कागद पसरलेले. मी चहा घिऊन दारात उभी. कुनीतरी म्हनलं, म्हातारीला इचारायचं का? बाळू म्हनला, आईला काय इचारायचं, आई बरंच म्हनंल. आन् मी बरंच म्हनले. जेसीबीनं दगड कुटं ढकलला ते दिसलं बी न्हाई, धुरळा व्हता.

मंगळवार उद्यावर आला. सोमवारी मी गच्चीवर गेले, पान्याच्या टाकीमागं विटांचे तुकडे पडले व्हते ते गोळा केले. एका अंगानं चालत गेले. हिला मानसांची सवय, लवकर वरडंना. वरडली तितं वीट ठिवली. मंग दुसऱ्या अंगानं. कंबर धरून, कठडा धरून. चार विटा झाल्या तवा निम्मी गच्ची तिची झाली व्हती. वर्तकबाई दारात उभ्या ऱ्हाऊन बघत व्हत्या.

"बरीच जागा घेतली हिनं. टू बीएचके होतोय." मंग म्हनल्या, "माझा पलंग त्या बाजूला आहे, विटांच्या बाहेर. तेवढं आधी करायला सांगते. उरलेलं नंतर."

त्यांनी सांगितलं बी असंल. निरोप कुटं अडकला कोन जाने.

मंगळवारी सकाळी माझी पिशवी भरून दारात, बाळू गाडी काढायला खाली गेल्याला. मी चपला घालत व्हते. आन् वरनं आवाज आला. टिटवीचा रोजचा आवाज येगळा आन् हा येगळा. मी चढले. कशी चढले ते मला इचारू नका. वर दोन मानसं आल्याली, एकानं फावडं खडीत घातल्यालं. कोपऱ्यापासनं खडी वढत वढत चालला व्हता, वीट बाजूला सारल्याली. टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालती, तो एका हातानं तिला वारतो.

"मावशी, बाजूला व्हा, लागंल," तो म्हनला. वाईट मानूस न्हवता. "आज साफ झालं तर उद्या माल टाकायचाय."

माझ्या तोंडात बरं आलं. जिभंवर आलं व्हतं. तेवढ्यात तापल्या खडीचा वास आला.

आन् मी वरडले.

त्यात शब्द न्हवता. माझा आवाज असा हाय, हे मलाच म्हाईत न्हवतं. फाटका, खरखरीत, कुटल्या तरी खोलातनं आल्यावानी, आन् थांबंचना. फावडं त्याच्या हातातनं पडलं. टिटवी बी गप झाली. खाली खिडक्या उघडल्या. वर्तकबाई दात घासायचा बुरूस तोंडात तसाच घिऊन आल्या. बाळू चार मजले पळत आला, तोंड पांढरं फटक.

"आई! काय झालं? कुटं लागलं?"

"कुटं न्हाई लागलं," म्या म्हनले. धाप लागली व्हती. "हितनं पुढं कुनी यायचं न्हाई."

बाळूनं विटा बघितल्या. एक, दुसरी, ती सारल्याली. त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं.

"आजीचं रिंगान," तो म्हनला.

सारल्याली वीट त्यानं उचलली. अंड्यांकडं हळू चालत गेला, टिटवी वरडली तितं थांबला आन् वीट खाली ठिवली. फावडंवाल्याला म्हनला, "दादा, ह्याच्या आत नको. त्या बाजूनं सुरू करा."

"आन् मांजरीला बी मी जानार न्हाई," म्या म्हनले.

"बरं," बाळू म्हनला.

दुपारी सुनंदानं गुरूपवरचं वाचून दाखवलं, वर्तकबाईंनी लिव्हल्यालं. "गच्चीचं अर्धं काम थोडे दिवस थांबवलं आहे. कारण बघायला वर जाणाऱ्यांनी टोपी घालून जावं. सकाळी ओरडल्या त्या आजी होत्या. पुन्हा ओरडण्याची वेळ आणू नये."

पिल्लं निघाली तवा ढग आले व्हते, पन पडत न्हवते. गच्चीवर त्यांना ना दाना ना पानी, आन् उतरायचं तरी कसं. बाळूनं सुपात घेतली, मी फडकं धरलं. टिटव्या दोघी डोक्यावर झडप घालत्यात, वर्तकबाई वरनं छत्री धरून, "अहो, डावीकडून, डावीकडून येतेय!" जिना उतरून, गेट ओलांडून, पाटाकडंच्या मोकळ्या प्लॉटवर. तितं अजून जरासा मुरूम हाय. सूप खाली टेकवलं तशी चौघं उतरली आन् मागं न बघता चालाया लागली. बाळू उकिडवा बसून बघत व्हता. मला म्हनला, "आई, त्या साली आपलं रान पेरलं न्हवतं, खरं का? आजी सांगायची."

"खरं हाय."

"मंग खाल्लं काय?"

"हुलगं," म्या म्हनले. पाटीचं न्हाई सांगितलं. सांगंन.

गच्चीचं काम झालं. खडी बी नेली. वर आता डांबराचा वास येतो आन् कपडे लवकर वाळतात. वर्तकबाईंच्या पलंगावर बादली न्हाई. सांजंला पाटाकडनं टिटवीचा आवाज येतो, लांबनं, आन् मला बसवत न्हाई. एकदा गळ्यातनं निघाला तवापासनं तो आवाज परत आत जाईना. कुटं कुटं वरडायचं ऱ्हायलं ते आठवत ऱ्हातं. रस्त्यावर, सकाळी पयली कळ आली तितं. चहाचं ताट घिऊन दारात उभी व्हते तितं. एकेका जागी जाते मनातनं आन् दगड ठिवून येते.

सुनंदा म्हनती, आई, जरा बसा की आता.

बसते म्हनते. बसते बी. मंग आनखी एक जागा आठवती, आन् उठते. रिंगान लई मोठं निघालंय.